आमच्या बसचं ओंगण

आम्ही निघालो त्या सकाळी बा दारात आला नाही. परतवाड्याजवळच्या आमच्या मळ्यात, विहिरीपाशी, तो बैलगाडीचं चाक काढून आसाला ओंगण लावत बसला होता. ओंगण म्हणजे गाडीचं वंगण: एरंडीचं तेल आणि त्यात जळक्या कडब्याची काजळी. गंमत अशी, की गाडी आदल्याच दिवशी ओंगून झाली होती आणि ती मीच ओंगली होती. बाला पोरगा नव्हता, म्हणून ते काम लहानपणापासून माझ्याकडे होतं, आणि लग्नानंतरही आम्ही नवरा-बायको बाकडेच राहत होतो. त्या दिवशी त्याला फक्त आमच्याकडे पाठ करून बसायला निमित्त हवं होतं.

रस्त्यावर बस उभी होती. माय माझ्या ट्रंकेवर हात ठेवून रडत होती, काकू मला डोळे मोठे करून दाखवत होत्या. नवऱ्यानं हॉर्न वाजवला तेव्हा बा मान न वळवता बोलला, "ज्या चाकाले दुसऱ्याच्या हातचं ओंगण लागते ना पोरी, ते चाक आपलं नसते. पोळ्याच्या आत वापस येसान तुमी." मी त्याच्या शेजारचा ओंगण भरलेला बांबूचा नळा उचलला आणि बसमध्ये चढले. मागितला नाही. त्यानंही अडवलं नाही.

तुम्ही जे मळ्यात राहिलात, तुम्हाला वाटलं मी नवऱ्यामागे फरफटत गेले. तसं काही नव्हतं. ती बस घ्या म्हणून मीच त्यांच्या मागे लागले होते. अमरावती–परतवाडा रस्त्यावर ती प्रवासी वाहून म्हातारी झाली होती आणि आमचे हे तिचे ड्रायव्हर. मालकानं नवी गाडी आणली, जुनी काढून टाकली. आम्ही तिच्या सीटा उपटल्या. पुढं भाजीच्या टोपल्या आणि संत्र्यांचे ढीग, मागं फळीच्या आड एक चूल, दोन भांडी आणि अंथरूण. तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांतात होतं आणि गाडीच्या कागदांसाठी अमरावतीच्या कचेरीत दिवस दिवस बसावं लागायचं. तिथल्या कारकुनानं विचारलं, राहण्याचा पत्ता? मी म्हटलं, हीच गाडी. तो हसला आणि माझ्या सासऱ्याच्या गावाचं नाव लिहून मोकळा झाला.

अकोल्याला जठारपेठेच्या कडेला एका मोठ्या कडुनिंबाखाली आम्ही गाडी लावायचो. पहाटे आसपासच्या मळ्यांतून भाजी उचलायची, बाजारात टाकायची, फुलं बडनेऱ्याच्या आगगाडीला द्यायची. बायका पाणी भरता भरता पाहायच्या. "बसमंदी सैपाक करते वं ही!" असं एकमेकींना सांगायच्या, आणि दुसऱ्या दिवशी माझ्याच चुलीवरून विस्तव मागायला यायच्या.

दोन महिन्यांत स्टिअरिंग जड झालं. इतकं, की वळण घेताना हे उभे राहायचे. ह्यांचे खांदे धरले, रात्री हात वर होईना. बाजारातला एक मोटार-मिस्त्री दर महिन्याला गाडीला ग्रीस भरायचा. तो म्हणायचा, गाडी सोडून जा, दुपारी या. एकदा मी गेलेच नाही. झाडाआड उभी राहून पाहिलं. जिथं हात पोचेल तिथं त्यानं ग्रीसची पिचकारी लावली, आणि जिथं पोचत नव्हता तिथं बोटानं वरूनच ग्रीस फासलं. पाहणाऱ्याला वाटावं, झालं सगळं.

मी ते ह्यांना सांगितलं. हे खांदा चोळत म्हणाले, "गाडी थकली आपली. बा म्हनत होता तेच खरं. पोळ्याले चाल, तिथंच राहू." त्या माणसाला मी तेवढ्या एका दिवशी फार बोलले. गाडी गेली असती तर आम्ही दोघं पुन्हा बाच्या ओसरीवर, आणि मी जन्मभर 'गेली होती न् आली' एवढीच उरले असते. मी म्हटलं, "उद्यापासून ग्रीस मी भरीन."

आणि मी काय केलं, तर आमच्यासारख्या लोकांनाच सुचेल ते. गाडीबरोबर जुनी पिचकारी मिळाली होती, तिच्यात मी बाच्या नळ्यातलं ओंगण कोंबलं. जे आमच्या आसाला वर्षानुवर्षं चाललं ते ह्या बसबाईला का चालू नये? पोतं अंथरून खाली शिरले आणि निपल, म्हणजे ग्रीस आत जायचं बोंडूक, दिसेल तिथं पिचकारी लावली. दोन दिवस मी ऐटीत होते. आठव्या दिवशी मूर्तिजापूर रस्त्यावर चाकं वळेचनात. बस सरळ पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, वावरात जाऊन उभी राहिली. कोणाला लागलं नाही, पण वांगी सगळ्या रस्त्यावर.

मिस्त्रीनं उजवी किंगपिन उघडली, म्हणजे पुढचं चाक जिच्यावर वळतं ती पिन. आत काजळीचा काळा गोळा, रांगोळीसारखा खरखरीत. तो बाजाराला ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाला, "बाई, हे मोटार हाय, बैलाची दमनी नोहे!" आठवडाभर अकोल्यात मला 'ओंगणवाली' म्हणत होते. लाज वाटली, खोटं कशाला सांगू. पण ती एक दिवस वाटली. दुसऱ्या दिवशी मी मिस्त्रीच्या समोर पोतं टाकून बसले आणि म्हटलं, एकेक सांधा माझ्यासमोर उघडा, धुवा, भरा. तो म्हणाला, बाया बसत नाहीत इथं. मी म्हटलं, मी बसली आहे ना. संध्याकाळपर्यंत उठले नाही. तो कंटाळून दिसेल तो सांधा उघडत राहिला आणि मी शिकत राहिले.

शिकले ते असं. आधी निपल चिंधीनं पुसायचं, नाहीतर धूळच आत जाते. पुढची चाकं जॅकनं उचलायची, म्हणजे पिनेवरचा भार सुटतो आणि ग्रीस सगळीकडं पोचतं. त्या दिवसाआधी मिस्त्रीनं ती कधी उचलली नव्हती. पिचकारी दाबत राहायची, कडेनं जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत. नवं स्वच्छ दिसू लागलं की पुढचा सांधा. मी निपलं मोजली. उजवीकडे दहा, डावीकडे नऊ. बैलाला उजवा खांदा असेल तर डावाही असतोच. गाडीखाली उताणी पडून शोधलं. सीटा काढल्या तेव्हा सुतारानं टोपल्यांवर चिखल उडू नये म्हणून एक पत्रा ठोकला होता, त्याच्यामागं डाव्या किंगपिनचं वरचं निपल दडलेलं. बसचा माल-डबा झाल्यापासून त्याला कोणी थेंब दाखवला नव्हता. मूळचा जडपणा तिथं होता. पत्रा मी स्वतः छिन्नीनं कापला. त्यानंतर हे एका हातानं वळण घ्यायला लागले, आणि दुसऱ्या हातानं बिडी धरायला. बिडीवरून आमची भांडणं झाली, ती वेगळी.

मग पोळा आला. पोळ्याच्या आदल्या दिवशी शेतकरी बैल सोडून कुठं जात नाही, हे तुम्हाला सांगायला नको. त्या दिवशी बैलांचे खांदे तूप-हळदीनं मळायचे, शेकायचे, आणि 'आज आवतन घ्या, उद्या जेवाले या' म्हणून त्यांना बोलावणं करायचं. बानं ते एकही वर्ष चुकवलं नव्हतं. त्या वर्षी चुकवलं. आमच्या शेजारच्या एलिचपूरहून छोट्या रेल्वेनं मूर्तिजापूर, तिथून अकोला, आणि दुपारी तो कडुनिंबाखाली हजर. मी गाडीखाली होते. मला त्याच्या वहाणाच दिसल्या, पण त्या मी कुठंही ओळखल्या असत्या.

"पोरी, निंग बाहेर."

"बा, तीन राहिले."

"घरी न्यायले आलो मी तुले."

"तीन राहिले, बा. बस."

वहाणा हलल्या नाहीत. आसपासचे लोक गोळा झाले होते. बाप लेकीला गाडीखालून ओढून काढतो का, हे पाहायचं होतं त्यांना. मला रडू येत होतं आणि पिचकारीही दाबायची होती. मी दोन्ही केलं. तिन्ही सांधे पुरे भरले, एकातही घाई केली नाही. त्या दिवशी तीन सोडून बाहेर आले असते तर मी परतवाड्यालाच गेले असते, हे मला तेव्हाही कळत होतं.

बाहेर आले तर बा मातीत उकिडवा बसला होता. मायनं माझ्यासाठी लुगडं आणि पुरणाच्या पोळ्या दिल्या होत्या. त्यानं बोचकं पुढं केलं, आणि माझे हात कोपरापर्यंत काळे. घेऊ कशानं? ह्या गाडीत पाय ठेवणार नाही असं तो गावभर बोलला होता. मी हात तसेच धरून उभी राहिले, मदतीला काही गेले नाही. शेवटी तोच पायरी चढला, वाकून आत गेला आणि बोचकं माझ्या अंथरुणावर ठेवलं. आत बराच वेळ होता. चूल पाहिली असेल, मडकं पाहिलं असेल. बाहेर येऊन म्हणाला, "पानी कोनतं पेता तुमी? गोड हाय." मग संध्याकाळच्या गाडीनं निघून गेला. चाल म्हणाला नाही. मीही येते म्हणाले नाही.

माझ्यासाठी त्यानं बैलांचे खांदे कोरडे ठेवले, हे मला त्याच्या पाठमोऱ्या अंगाकडे पाहताना उमगलं. अजून छातीत दुखतं. पण तरीही मी तशीच वागले असते.

आता जठारपेठेत आमचं पक्कं घर आहे. बस कधीच भंगारात गेली. नातू स्कूटर सर्व्हिसिंगला टाकून येतो, तेव्हा मी त्याला विचारते, कोणी काय भरलं ते पाहिलंस का? तो हसतो. मळ्यातून कोणी आलं की अजून म्हणतं, बाई, घर सोडून किती वर्षं झाली तुले. मी त्यांना सांगते, मी घर सोडलं नाही, मी ते वर उचलून खालून भरलं. तुम्ही जे माझ्यासारखे निघालात, मुंबईला, नागपूरला, कोळशाच्या खाणीत, तुम्हाला कळेल.

बा जाऊन बरीच वर्षं झाली. तो गेल्यावर काकूनं मला एक गोष्ट सांगितली. त्या पोळ्यानंतर बाजारात कोणी विचारलं, लेक कुठं दिली, आता कुठं असते, तर बा म्हणायचा, "आज कुठं असन ते सांगता येत नाई. पन घरीच असन."