ड्रोनचा बस्ता

आमच्या घरातल्या ड्रोनचा बस्ता मी बांधला.

आता तुम्ही म्हणाल, बस्ता लग्नाचा असतो. बरोबर आहे. नवरीच्या शालूपासून मावससासूच्या ब्लाउजपीसपर्यंत एकगठ्ठा खरेदी म्हणजे बस्ता, आणि ते माझं खास क्षेत्र. माहेरी, सासरी, कुणाचंही लग्न ठरलं की पहिला फोन मला येतो. गुलमंडीवरचे कापडवाले मला बघितलं की पाणी मागवतात. (माझ्यासाठी नाही, स्वतःसाठी!) कापड हातात आलं की मी आधी ते उलटून बघते. सुलट बाजूनं सगळंच छान दिसतं. खोट सापडते ती उलट बाजूला.

तर आमची प्रज्ञा पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षाला होती. प्रोजेक्ट म्हणून तिनं चार पंख्यांचा ड्रोन घरी बनवायचं काढलं. तिचे सर म्हणाले, "पोरींनो, झेपेल तेवढंच घ्या. एखादं मॉडेल करा, रंग द्या, मांडून ठेवा." ही सगळ्या वर्गासमोर उभी राहून म्हणाली, "सर, उडवूनच दाखवीन!" (हा गुण वडिलांकडचा नाही.) बाकीच्या मैत्रिणी मॉडेलकडं सरकल्या आणि ही एकटी उरली. सोमवारी बाहेरचे परीक्षक येणार होते, आणि सामान आणायचं त्या शनिवारीच हिची तोंडी परीक्षा निघाली.

"मी आणते की!" मी म्हणाले. आठवडाभर मला घरात बसवतच नव्हतं. ती टेबलाशी ड्रोनच्या वजनाच्या, ग्रॅमाग्रॅमाच्या बेरजा करायची आणि मी तिच्या पाठीमागं येरझाऱ्या घालायचे.

"मम्मी, यादीत लिहिलंय तेवढंच आणायचं. डोकं लावायचं नाय."

"व्हय गं बाई!"

पैठण गेटजवळच्या एका बोळात सलीमभाईंचं इलेक्ट्रॉनिकच्या सुट्या भागांचं दुकान आहे. त्यांनी आधी फ्रेम काढून दिली. मी ती तळहातावर तोलली आणि परत ठेवली.

"भाई, जरा मजबूत दाखवा. ही तर फुंकलं तरी उडंल!"

"बाजी, वहीच तो करना है."

दुकानातली दोन गिऱ्हाइकं खो खो हसली. इतक्या वर्षांत कुठल्या दुकानदारानं माझं असं हसं केलं नव्हतं. फ्रेम मी पिशवीत टाकली, पण पुढच्या मालाला सोडायचं नाही असं तिथंच ठरवलं.

मग बॅटरी आली. यादीतली बॅटरी अगदीच चिमुकली.

"जरा वाढत्या अंगाची द्या."

"बाजी, ये बच्चा बडा नहीं होनेवाला."

"ते मी बघते!"

मोठी बॅटरी घेतली. आमच्या घरात गणवेश काय, चपला काय, मापाचं कधी कुणी घेतलेलं नाही. शेवटी राहिले पंखे. यादीत लिहिलं होतं, "पंखे चार, दोन सीडब्ल्यू, दोन सीसीडब्ल्यू." पोरीच्या हातून घाईत एक 'सी' जास्त पडला असणार, असं मी समजून घेतलं.

"दो सीधे, दो उल्टे," सलीमभाईंनी मांडून दाखवले.

"उलटे कशाला? उलटे तुमच्याकडंच ठेवा. मला चारी सुलटे पाहिजेत."

"बाजी, ऐसाच आता है. दो सीधे, दो उल्टे."

"भाई, चार खुर्च्या घेतल्या तर दोन उलट्या देता का?"

या वेळी गिऱ्हाइकं माझ्या बाजूनं हसली. सलीमभाईंनी एकदा माझ्याकडं आणि एकदा छताकडं बघितलं. "ले जाओ बाजी. पर ये उडता नहीं, घुमता."

हरलेला दुकानदार असंच काहीतरी बोलतो, हे मला ठाऊक होतं. मी चारी सुलटे, एका रंगाचे पंखे घेऊन हर्सूलला घरी आले आणि चहा टाकला.

संध्याकाळी प्रज्ञानं पिशवी उघडली.

"मम्मी! हे चारी एकाच दिशेचे आहेत!"

"मग? जुळणारे आणले."

"अगं, दोन असे फिरतात, दोन तसे, म्हणून ते एकमेकांना धरून ठेवतात. चारी एकीकडंच फिरले की धडच गरगर फिरणार! आणि एवढी जड बॅटरी?"

"दुकानदारानं फसवलं," मी म्हणाले. (तोंडातून निघून गेलं.) वर हेही म्हणाले, "लावून तर बघ, कायतरी होईल."

"बघायचंय ना तुला? बघच मग!" तिला राग आला की ती आवाज खाली आणते. तिनं आधीच जमवून ठेवलेल्या मोटारी फ्रेमवर बसवल्या, तारांची अदलाबदल केली, चारी मोटारी एकाच दिशेला फिरतील असं केलं आणि ड्रोन घेऊन गच्चीवर गेली.

गच्चीवर शेजारच्या मंगलबाईंच्या कुरडया वाळत होत्या, आणि त्या स्वतः राखणीला बसल्या होत्या. त्यांच्या लेकीच्या सासरी जायच्या कुरडया, सहावारी साडीवर, काठोकाठ! प्रज्ञानं बटण दाबलं. ड्रोन गुडघ्याइतका वर आला, बॅटरीच्या वजनानं त्याहून वर जाईना, आणि अंगात आल्यासारखा घुमायला लागला. घुमत घुमत तो थेट कुरडयांत शिरला.

"अगं ए, थांबीव की त्येला!" मंगलबाई ओरडल्या.

"बंद केलंय काकू!" प्रज्ञा ओरडली.

पण तोवर साडीचा पदर पंख्यात गेला होता. अर्ध्या कुरडया गच्चीवर, काही पाण्याच्या टाकीवर, आणि एक मंगलबाईंच्या अंबाड्यात. ड्रोन साडी गुंडाळून आडवा पडला. त्याचे दोन पंखे तुटले होते.

मंगलबाई मला काय काय म्हणाल्या ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण प्रज्ञाचं बोलणं जास्त लागलं. कठड्याला टेकून ती हळूच म्हणाली, "सर हसतील, मम्मी. त्यांना हेच पाहिजे होतं." मला फार लाज वाटली. पोरीनं सगळ्या वर्गासमोर शब्द दिला होता, आणि मी तो एका रंगाच्या पंख्यांवर घालवायला निघाले होते. मी तशीच स्कूटीची किल्ली उचलली.

सलीमभाई शटर ओढायच्या बेतात होते.

"क्या होना बाजी?"

"दोन पंखे."

"कौनसे?"

"...उलटे," मी पुटपुटले.

"जोर से बोलो बाजी, रस्ते का लई आवाज है."

"उलटे! दोन उलटे द्या! आणि बॅटरी यादीतलीच, लहान!"

ते सांगतील तो भाव मी दिला. तेव्हा मात्र ते घाबरले. "बाजी, तबियत तो ठीक है ना?"

सोमवारी मी पॉलिटेक्निकच्या भिंतीबाहेर सकाळपासून फेऱ्या मारत होते. वॉचमन तीनदा म्हणाला, "ताई, बसा की जरा." बसवतंय कुणाला! शेवटी आतून भुणभुण ऐकू आली, आणि भिंतीच्या वर, लिंबाच्या शेंड्याच्याही वर, आमचा ड्रोन स्थिर उभा राहिला. जरासुद्धा घुमला नाही. मी रस्त्यातच टाळ्या पिटल्या. वॉचमननंही पिटल्या, कशासाठी ते त्याला माहीत नव्हतं. प्रज्ञा बाहेर आली ती धावतच. "सरांनी हात मिळवला, मम्मी!" म्हणाली, आणि मला रडू आलं.

पुढं महिनाभरानं आवराआवरीत तिच्या प्रोजेक्टची बांधलेली वही हाती लागली. सगळे आकडे, आकृत्या, मला त्यातलं ओ की ठो कळलं नाही. शेवटच्या पानावर मात्र मथळा होता, 'प्रकल्पात आलेल्या अडचणी'. त्याखाली एकच ओळ: "साहित्य आणायला मम्मी गेली होती."

बाजूला परीक्षकांनी लाल पेनानं बरोबरची खूण केली होती, आणि बारीक अक्षरात लिहिलं होतं, "आमच्याकडंही."