वाकवलेल्या प्लेटची भीती

उद्यमनगरातल्या शेडमध्ये कृष्णात मिस्त्री जिने, गेट आणि पाण्याच्या टाक्यांची स्टँडं बनवतात. चालताना उजवा पाय जरा ओढतात. तरुणपणी एका कारखान्यात शिडीवरून पडले होते. शिडी भिंतीला धरून ठेवणारा ब्रॅकेट लोखंडी प्लेट वाकवून केलेला होता आणि नेमका वाकवलेल्या कोपऱ्यातच तडकला. मोडलेला पाय जुळेपर्यंत मीनाबाईंनी, त्यांच्या बायकोनं, स्वतः वेल्डिंग शिकून शेड चालू ठेवली. तेव्हापासून वजन पेलायचं काम म्हटलं की मिस्त्री फक्त अँगल, म्हणजे कारखान्यातून तयार येणारी काटकोनी लोखंडी पट्टी, वापरत.

गेल्या उन्हाळ्यात राजारामपुरीतल्या एका दवाखान्याच्या टाकीच्या स्टँडचं काम आलं. भिंतीच्या मापाला एक बाजू रुंद, एक अरुंद असा अँगल हवा होता. तसा कुठंच मिळेना. लेक शिवानी शिरोलीतल्या एका कारखान्यात प्लेट वाकवायच्या बेंडिंग मशिनवर कामाला. ती म्हणाली, "बाबा, मी प्लेट वाकवून देते की."

"वाकवलेल्या लोखंडाचा भरवसा न्हाय. माझ्या पायाला इच्चार."

शिवानीनं वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी ती शेडमधल्या अँगलच्याच मापाची, तेवढ्याच जाडीची वाकवलेली प्लेट घेऊन आली. दोन्ही तुकडे दगडांवर आडवे टाकून तिनं मधोमध वाळूची पोती रचली. दोन्ही जवळजवळ सारखेच लवले. पोती काढल्यावर दोन्ही सरळ झाले.

मिस्त्री खाली बसले. प्लेटच्या कोपऱ्यावरून बोट फिरवता फिरवता थांबले. बाहेरच्या बाजूला केसाएवढी चीर होती. त्यांचा चेहरा उतरला.

शिवानीनंही चीर पाहिली. "कोपरा लई टोकदार काढला मी," ती हळूच म्हणाली. "चुकलंच. गोलाई जास्त ठेवाय पायजे हुती."

"त्या ब्रॅकेटचा कोपराबी असाच टोकदार हुता," मिस्त्री म्हणाले. प्लेट तिच्या हातात परत दिली. मग म्हणाले, "गोल करून आण. बघू."

नवा तुकडा त्यांनी उन्हात नेऊन बोटानं, भिंगानं तपासला. पोती पुन्हा रचली, पहिल्यापेक्षा जास्त. चीर कुठंच नव्हती. स्टँड त्याच पद्धतीनं झालं.

टाकी पहिल्यांदा भरताना शिवानी स्टँडच्या बरोबर खाली जाऊन उभी राहिली.

"बाजूला हो की गं!" मिस्त्री ओरडले.

"न्हाय. मी वाकवलंय."

मिस्त्री पुटपुटत तिच्याकडं गेले आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून, वर बघत, टाकी भरेपर्यंत तिथंच थांबले.