मयताच्या उपदेशाला आमेन

शनिवारची दुपार. पोटात मटणाचं कालवण आणि भात, डोक्यावर कुरकुरणारा पंखा, आणि वाघचौरे सर खाटेवर आडवे होऊन छताकडे बघतायत. झोप म्हणावी तर लागलेली नाही, जाग म्हणावी तर उरलेली नाही. आत हेमलताबाई भांडी आवरतायत, त्यांचा आवाज हळूहळू लांब जातोय. सर गालातल्या गालात हसतायत. का नाही हसणार? सकाळचा तासच तसा झाला होता.

वाघचौरे सर म्हणजे सेमिनरीत होऊ घातलेल्या ख्रिस्ती पाळकांना उपदेश करायला शिकवणारे. लग्नाचा उपदेश, बाप्तिस्म्याचा उपदेश, आणि सगळ्यात अवघड तो मयताचा. त्याचा सराव चॅपलमध्ये होतो. एकानं पुढे पुलपीटच्या उंच ओट्यावर उभं राहायचं, बाकीच्यांनी बाकांवर दुखवट्याला आल्यासारखं बसायचं. या सरावाची रीत घालून दिली आढाव गुरुजींनी, सरांच्या गुरूंनी. मयताचं नाव काल्पनिक घ्यायचं, जित्या माणसाचं कधी नाही. आणि शेवटी आमेन, म्हणजे 'तसंच होवो', कुणीही म्हणायचं नाही. खोट्या मयताला खरं आमेन कशाला, असं गुरुजी म्हणायचे. पोरं यावर हसायची, पण पाळायची. गुरुजींना जाऊन बरीच वर्षं झाली, रीत मात्र चालू राहिली होती.

आज सकाळी फिलेमोन खरातची पाळी होती. पोरगा गुणी, पण उपदेश असा करायचा, जसा रेडिओवर कुणी बाजारभाव वाचतोय. ऐकून ऐकून सरांचं डोकं उठलं. शेवटी त्यांनी सांगून टाकलं, तुझं सगळ्यात लाडकं माणूस कोण, त्याचं नाव घे आणि बोल. फिलेमोननं आपल्या जित्या बापाचं नाव घेतलं. पौलस खरात, गवंडी, दुसऱ्यांची घरं बांधता बांधता स्वतःचं पत्र्याचंच राहिलं असा माणूस. काय बोललं पोरगं! सगळा वर्ग रडला. आणि मागच्या बाकावरून सर स्वतःच, भान न राहून, मोठ्यानं म्हणाले, "आमेन."

सगळी पोरं वळून मागे बघायला लागली होती. सरांनी हसून वेळ मारून नेली.

पंखा थांबतो. वीज गेली असेल, असं सरांना वाटतं, पण घाम काही येत नाही. अंगाखाली खाट नाही, चॅपलचा बाक आहे. शेजारी आढाव गुरुजी बसलेत. तोच गळ्यापर्यंत बटणं लावलेला पांढरा कोट. सरांना आनंद होतो, मग लगेच सकाळचं आमेन आठवतं.

"उपदेश चांगला झाला म्हणे," गुरुजी म्हणतात.

"हो गुरुजी. पोरानं रडवलं सगळ्यांना."

"आमेन कोण म्हणालं?"

विद्यार्थी असताना सर जसे नखं बघत बसायचे, तसे आत्ताही बघत बसतात. मग विचारतात, गुरुजी, तुम्हाला कसं कळलं. गुरुजी म्हणतात, आम्ही सगळे होतोच की इथं. सर मान वळवतात. बाक भरलेत. सगळे रविवारच्या कपड्यांत, हात मांडीवर. सर एकेकाला ओळखतात. या सगळ्यांच्या मातीला त्यांनीच उपदेश केलेला आहे. कुणी सरांकडे बघत नाही, सगळ्यांचं लक्ष पुढे.

पुढे चॅपलची फरशी उखडलेली आहे आणि वर उघडं आभाळ आहे. फरशीच्या जागी खड्डा, आणि खड्ड्यात उतरून एक माणूस विटांचा थर लावतोय. थापीनं विटेवर माल पसरतो, वीट ठेवतो, दोन्ही बाजूंनी ठोकतो. काम इतकं सुबक की बघत राहावं. सर जवळ जाऊन वाकून बघतात. तो पौलस खरात आहे.

"सलाम, साहेब," पौलस वर बघून हसतो. "आमचा फिलेमोन बरा शिकतोय ना?"

सर विचारतात, हे कुणासाठी बांधताय. पौलस म्हणतो, ते काय मला सांगितलं नाही बुवा, नुसतं माप दिलं. पोराचं शिक्षण झालं की हे काम बंद करायचंय, गुडघे धरतात आता. मग थापी बाजूला ठेवतो, हात झटकतो आणि माप बरोबर आलंय का बघतो म्हणून त्या खड्ड्यात सरळ उताणा निजतो. पायाचे तळवे बरोब्बर भिंतीला टेकतात. त्याला ते आवडतं. तो पडल्या पडल्या सरांकडे बघून मान डोलावतो.

मागे बाक सरकल्याचा आवाज होतो. सगळे उठलेत. प्रत्येक जण वाकून मूठभर माती उचलतोय.

"गुरुजी, थांबवा त्यांना!"

"आमेन झालंय," गुरुजी म्हणतात. त्यांच्या आवाजात राग नाही, याचीच सरांना जास्त भीती वाटते. "आता फक्त माती द्यायची राहिलीय. आमेन काही परत घेता येत नाही, प्रफुल्ल. नाव बदलता येतं. वर जा आणि दुसरं नाव घे."

सर पुलपीटवर चढतात. ते एक काल्पनिक नाव घेतात, वर्गात नेहमी देतात तसलं. खाली सगळे तसेच, हातात माती धरून. असा कुणी नाही, गुरुजी सांगतात. मग सरांच्या मनात नको ते यायला लागतं. माणूसच तो. ऊठसूट पाणउतारा करणारे प्रिन्सिपलसाहेब आठवतात. मग आठवते मालनआत्या, जी गावाकडे अंथरुणाला खिळलीय आणि सोडव रे देवा, सोडव रे देवा करत दिवस काढतेय. तिची तर सुटकाच होईल. कुणाचं काय बिघडणार? नाव अगदी ओठांवर येतं. पण आत्यानं लहानपणी मांडीवर घेऊन भरवलेले घास सरांना आठवतात, आणि आपलीच त्यांना भयंकर लाज वाटते.

खाली पौलस डोळे मिटून पडलाय. दिवसभराच्या कामानं दमलेल्या माणसाला जराशी डुलकी लागावी, तसा.

सर आपलंच नाव घेतात.

"ऐकू येत नाही," गुरुजी मागच्या बाकावरून म्हणतात.

"प्रफुल्ल वाघचौरे," सर ओरडतात. छाती फुटेल असं वाटतं. आयुष्यात त्यांचा आवाज असा कधी लागलेला नाही. त्यांच्या उपदेशाला आजवर कुणी रडलेलं नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. आता मात्र बाकांवरची ती सगळी मंडळी रडतायत, अगदी घरचं माणूस गेल्यासारखी.

"पोचलं," गुरुजी म्हणतात. मग सगळे मिळून आमेन म्हणतात.

पौलस उठून बसतो, डोक्यावरचा विटांचा भुगा झटकतो. "माप चुकलं की हो, साहेब. मला हे लांब होतंय." तो सरांना पायापासून डोक्यापर्यंत एकदा न्याहाळतो, आणि पुन्हा थापी उचलतो.

"अहो, ऐकलं का?"

पंखा कुरकुरतोय. चार वाजून गेलेत, ऊन खिडकीतून खाटेवर आलंय. दाराबाहेरून हेमलताबाई बोलतायत, त्यांना धाप लागलीय. फिलेमोन आलाय. त्याला आत्ता घरून फोन आला. त्याचे वडील कामावर बांबूच्या परांचीवरून खाली पडले, दोरच तुटला. पण खाली वाळूचा ढीग होता. उठून कपडे झटकले आणि चहा मागितला म्हणे. साधा ओरखडा नाही. पोरगं ओसरीवर बसून रडतंय आणि हसतंय, दोन्ही एकदम.

"देवानं ओंजळीत झेललं बघा," बाई म्हणतात. "या लवकर, त्याच्याबरोबर प्रार्थना करू."

सरांना इतकं हायसं वाटतं की डोळे भरून येतात. वाचला. पौलस वाचला. ते लगबगीनं उठून बसतात, पाय खाटेवरून खाली सोडायला जातात, आणि पाय वेगळे होत नाहीत.

पायांचे दोन्ही अंगठे पांढऱ्या पट्टीनं एकमेकांना बांधलेले आहेत. कोऱ्या मांजरपाटाची पट्टी, कडेला फाडल्याचे दोरे लोंबतायत. गाठ घट्ट, नीट मारलेली. घराघरांतून चटईवर ठेवलेल्या मयतांच्या पायांना ही गाठ त्यांनी किती वेळा बघितलीय. ते नखानं ती सोडवायला बघतात. सुटत नाही.

"येताय ना?" हेमलताबाईंची पावलं दाराशी येतात.

"आलो," सर म्हणतात, आणि चादर पायांवर ओढून घेतात.