चौकट, लाकडी, जुनी, एक नग

आमच्या बाबांनी अडतीस वर्षं सैन्यात काढली आणि कुणाच्या केसालाही धक्का लावला नाही. त्यांची लढाई घोंगड्यांशी, बुटांशी, रजेच्या अर्जांशी आणि क्वार्टरच्या किल्ल्यांशी. थंडीच्या आधी घोंगड्या पोहोचाव्यात म्हणून हा माणूस उन्हाळाभर जिवाचं रान करायचा. शिपाई त्यांना ‘यादीसाहेब’ म्हणत, अर्थात पाठीमागे. यादीसाहेब टेबलामागून टेबल बदलत प्रशासनाचे जनरल झाले. दुकानात जाताना मात्र यादी घरीच विसरायचे, हे फक्त आम्हाला ठाऊक.

दर दोन वर्षांनी बदली. घरं सगळी एकाच साच्यातली, फक्त रंग वेगळा. सकाळी डोळे मिटलेले असतानाच खिडकी कुठल्या बाजूला असेल याचा मी अंदाज बांधायची, आणि तो हमखास मागच्या घराचा निघायचा. अजूनही स्वप्नात मी त्या घरांतून चालत असते. एका घराच्या स्वयंपाकघरातून निघते ती दुसऱ्याच्याच व्हरांड्यात येते, सगळीकडे दुपारचं पिवळं ऊन असतं आणि कुणीतरी पुढच्या खोलीत नुकतंच गेलेलं असतं. तो दादा असावा. मी त्याला कधी पाहिलं नाही. माझ्या जन्माआधी, पाच वर्षांचा असताना, तो आठ दिवसांच्या तापात गेला.

दादा गेला त्या घरात आईने स्वयंपाकघराच्या चौकटीवर चाकूने खाच पाडली होती, दादाच्या उंचीची. तो गेल्यावर महिन्याभरातच बदलीचा हुकूम आला. घर सोडताना ते मिळालं होतं तसंच परत द्यायचं, हा नियम. बाबा तेव्हा कॅप्टन होते आणि नियम म्हणजे त्यांचा जीव की प्राण. आई शेजारी निरोप घ्यायला गेली तेवढ्यात त्यांनी खाचेत पुट्टी भरली आणि चौकट रंगवून टाकली. आई परतली तेव्हा रंग ओला होता. ती काही बोलली नाही, हेच वाईट झालं. भांडली असती तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं.

दादाचा फोटो एकच, आईच्या मांडीवर बसलेला. त्यावरून उंची कशी कळणार? सत्तरी ओलांडल्यावर आई भाजी निवडता निवडता मध्येच थांबायची आणि विचारायची, “केवढा होता गं तो?” मी काय सांगणार! बाबा पेपर तोंडासमोर धरायचे. त्याचं पान मात्र उलटत नसे.

मग एक दिवस पेपरातच बातमी आली की दादाच्या वेळची ती जुनी क्वार्टर्स पाडणार आहेत. बाबांनी एक फोन केला असता तर अख्खी भिंत घरपोच आली असती. पण यादीसाहेबच ते! दोनशे मैल प्रवास करून पाडकामाचं सामान मागणाऱ्यांच्या रांगेत उभे राहिले. मी सोबत होते. खिडकीतल्या कारकुनाने अर्ज वाचला.

“चौकट, लाकडी, जुनी, एक नग. आजोबा, एवढीच? दारं पण न्या की.”

“दार नको.”

अर्जात हुद्द्याच्या रकान्यात त्यांनी ‘कॅप्टन’ लिहिलं होतं. मी कोपराने ढोसलं तर म्हणाले, “त्या घरात मी कॅप्टनच होतो.”

चौकट आमच्या अंगणात आली. बाबा रोज सकाळी पत्र्याच्या तुकड्याने रंग खरवडत बसायचे. हिरवा गेला, खाली राखाडी, त्याखाली मळकट पांढरा, मग परत हिरवा. आई आतूनच बघायची. पाचव्या दिवशी लाकूड उघडं पडलं आणि बाबांचा हात थांबला. एक खाच नव्हतीच. अकरा होत्या, सगळ्या पुट्टीने बुजवलेल्या. आमच्या मागून कितीतरी आयांनी तिथेच पोरं उभी केली होती, आणि कितीतरी कॅप्टनांनी नियम पाळला होता.

“यातली आपली कुठली?” बाबांनी विचारलं. इतक्या वर्षांत त्या चौकटीबद्दल ते आईशी प्रथमच बोलत होते.

आई बाहेर आली. चौकटीला खेटून उभी राहिली, डोळे मिटले आणि डोक्यावरून हात फिरवावा तसा तळवा हवेत ठेवला. तिने डोळे उघडले. तळव्यासमोर कोरं लाकूड होतं. पुढची खाच दोन बोटं वर.

“नाही,” ती म्हणाली. “हातसुद्धा विसरला माझा.” ती इतकी खचलेली मी कधी पाहिली नव्हती, आणि मला बाबांचा भयंकर राग आला.

बाबा आत गेले. सैन्याच्या नियमांचं जाडजूड पुस्तक घेऊन आले, ज्याला लहानपणी पाय लागला तरी मी ओरडा खायची, ते. गुडघे धरत खाली बसले आणि ते त्यांनी तिच्या पायाशी ठेवलं.

“यावर उभी राहा. तू तेव्हा उंच होतीस. आपण दोघंही होतो.”

आई माझा खांदा धरून पुस्तकावर चढली. पुन्हा डोळे मिटले, पुन्हा हात खाली आला आणि थेट खाचेवर टेकला. बोटं तिथेच राहिली, नखाने पुट्टी कोरू लागली.

“एवढा,” ती म्हणाली. “बघितलंत का, एवढा होता.”

बाबांना बघता येत नव्हतं. पुस्तक सरकू नये म्हणून ते दोन्ही हातांनी धरून बसले होते, मान खाली घालून.