मामाचा निरोप

बेटावरच्या डोंगरात वसलेल्या वाइनिवी गावात वायसेआच्या बोलण्यावर विश्वास ठेवणारा माणूस एक तर पाहुणा असायचा, नाहीतर नवा आलेला पास्टर. पास्टरसुद्धा महिन्याभरात शहाणा व्हायचा. वायसेआ दिसायला साधा, पोट सुटलेला, डोंगरउतारावर यांगोनाची झुडपं लावून त्यांच्या मुळ्या, ज्या कुटून गुंगी आणणारं पेय करतात, लाबासाच्या बाजारात विकणारा चारचौघांसारखा माणूस. पण जिभेला हाड नाही म्हणतात ते त्याच्याकडे बघूनच. एकदा बाजारात त्यानं सहज सांगून टाकलं, आमचा एरोनी वारला. संध्याकाळी ट्रक भरून माणसं मयताच्या घरी द्यायच्या चटया नि रॉकेलचे डबे घेऊन रडत गावात शिरली, तर एरोनी आपला डुकरांना खायला घालत उभा. त्यांना जेवू घालता घालता एरोनीची दोन डुकरं गेली.

एरोनी म्हणजे वायसेआचा मेव्हणा, बायकोचा सख्खा भाऊ. आणि मेव्हण्या-मेव्हण्यांनी एकमेकांची टर उडवायची, वस्तू पळवायच्या आणि समोरच्यानं रागवायचं नाही, हा तिथला हक्कच. एरोनीही काही कमी नव्हता. त्यानं वायसेआच्या नव्याकोऱ्या बुटांत माती भरून दालोची, म्हणजे अळकुड्यांची, रोपं लावली होती. रोपं चांगली जगली म्हणून वायसेआनं ती उपटलीही नाहीत.

पण हा मोकळेपणा फक्त मेव्हण्यांपुरता. त्या डोंगरात मामा आणि भाचा एकमेकांशी तोंड उघडून बोलत नाहीत. भांडण नव्हे हो, मान म्हणून. भाऊ-बहिणीचंही तेच. त्यामुळे वायसेआच्या घरात मोठी गंमत होती. बायको अकानिसी आपल्या भावाशी बोलायची नाही, मुलगा कितिओने आपल्या मामाशी बोलायचा नाही, आणि घरचं पोस्ट ऑफिस चालवायला शिल्लक राहिला कोण, तर वायसेआ. मांजराच्या हाती दुधाची किल्ली, दुसरं काय.

एरवी हे चालून गेलं असतं. पण एरोनी लाकडाच्या गिरणीत मुकादम असला तरी त्याचा जीव अडकलेला होता रग्बीत. डोंगरातल्या गावांची अठरा वर्षांखालची टीम तो घडवायचा. पोरं निवडायची, पहाटे चढावर पळवायची, रविवारी चर्चमध्येसुद्धा त्यांच्या पोटऱ्या न्याहाळायच्या. इतकी वर्षं घासून त्याचा एकही पोरगा देशाच्या टीमपर्यंत पोचला नव्हता. या वर्षी ऑस्ट्रेलियात बेटदेशांची स्पर्धा होती, निवडसमिती राजधानीहून, सुवाहून, लाबासाला येणार होती, आणि एरोनीकडे पहिल्यांदाच खरा दहा नंबर, म्हणजे किक मारायची की पळायचं ते ठरवून खेळ चालवणारा गडी, होता. तो होता कितिओने. पुढच्या वर्षी त्याचं वय निघून जाणार होतं.

आता दहा नंबरला कोच सांगणार कसा? तर एरोनी कडेला उभा राहून वायसेआला सांगायचा, आणि वायसेआ पाण्याची बाटली घेऊन मैदानात धावत जाऊन पोराला सांगायचा. वडील निरोप नेत असताना दुसऱ्यानं मध्ये तोंड घालायचं नाही, हेही ओघानं आलंच.

"सांग तुझ्या लेकाला," एरोनी म्हणायचा, "बॉल मिळाला की लांब किक. खेळ त्यांच्या अर्ध्यात गेला पाहिजे. पळायचं नाही."

पहिल्या दिवशी वायसेआनं हा निरोप इमानदारीत पोचवला. कितिओनेनं किका मारल्या. अख्खी दुपार बॉल आभाळात, आणि तीस पोरं माना वर करून उभी. वायसेआ कंटाळून अर्धा झाला. दुसऱ्या दिवशी त्याच्या जिभेला खाज सुटली. "मामा म्हणतात, पळ," त्यानं पोराला सांगितलं. पोरगा एकदा त्याच्याकडे बघून पळाला, आणि काय पळाला! तिघं त्याला पकडायला गेले ते एकमेकांना धरून बसले. इकडे एरोनीचा चेहरा आधी लाल, मग जांभळा. वायसेआला ते इतकं आवडलं की त्यानं तो खेळच लावला. एरोनी म्हणाला किक, की हा सांगणार पळ. त्यात नुसती चेष्टा होती असंही नाही. पोरगा पळायला लागला की वायसेआ हातातली बाटली विसरून बघत राहायचा, आणि ते पुन्हा पुन्हा हवंसं वाटायचं.

महिनाभर ही मौज चालली. मग लाबासाला जायच्या आधीच्या रविवारी, जेवणं झाल्यावर, सगळे एरोनीच्या घरी यांगोनाच्या कुंड्याभोवती बसलेले असताना एरोनीनं टीम सांगितली. त्यात कितिओने नव्हता.

"दाजी, वाईट वाटून घेऊ नकोस," एरोनी म्हणाला. "पोरगं गुणी आहे, पण त्याला कान नाहीत. मी एक सांगतो, तो दुसरं करतो. सुवावाले पहिलं हेच विचारतात, सांगितलेलं ऐकतो का. माझी इतक्या वर्षांची मेहनत मी बहिऱ्याच्या हातात देऊ?"

वायसेआनं वाटी खाली ठेवली. "अरे, पोरगं ऐकतं," तो म्हणाला. "निरोप मी बदलत होतो. तू किक म्हणायचास, मी पळ सांगायचो."

घर हसून हसून लोळलं. एरोनीनं तर डोळे पुसले. "बघा, पोराला वाचवायला काय फेकतोय," तो म्हणाला. "मागे मला मारलंस, आता स्वतःला मारतोयस. बस, पी."

"देवाशप्पथ सांगतो."

"हां, आता देवालाही मध्ये घे."

वायसेआ जितकं खरं सांगत गेला तितकं घर हसत गेलं. शेवटी तो उठला आणि चपला न घालताच घरी आला.

कितिओने मागच्या दारात दालो सोलत बसला होता. वायसेआनं त्याच्यासमोर उकिडवं बसून सगळं सांगितलं. तुला वगळलं, आणि ते माझ्यामुळे, मी तुला खोटे निरोप देत होतो. पोरानं सोलणं थांबवलं नाही.

"माहीत होतं, ताता."

"काय माहीत होतं?"

"मामा बोलताना हातवारे करतात. किक म्हणाले की त्यांचा पाय उडतो. एकदा चप्पल उडून लाईनच्या आत आली. तुम्ही निरोप घेऊन निघालात तरी मागे त्यांचं चालूच असायचं, पण तुमची पाठ असायची त्यांच्याकडे. मला समोर दिसायचं की."

"मग गाढवा, तू पळत का होतास?"

"तुम्ही सांगितलं म्हणून." पोरगा जरा थांबला. "आणि मी किक मारली असती तर मामांना कळलं असतं तुम्ही काय करता ते."

पोरानं महिनाभर मामाचा राग सोसला, जागा घालवली, आणि बापाचं नाव घेतलं नाही. इतकी लाज त्याला उभ्या जन्मात वाटली नव्हती. चुलीपाशी अकानिसीनं सगळं ऐकलं होतं. ती बाहेर आली, नवऱ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "माझ्या भावाशी मला बोलता येत असतं ना, तर आज तुमची धडगत नव्हती. आता तुम्हीच निस्तरा. आणि हसत हसत जाऊ नका."

दुसऱ्या दिवशी वायसेआनं मळ्यातलं सगळ्यात जुनं झुडूप उपटलं. त्याच्या मुळ्या विकून घराला नवे पत्रे घालायचे म्हणून ते राखलेलं होतं. मुळ्या धुतल्या, बांधल्या, स्वतः नदीत अंघोळ केली, चर्चचा शर्ट घालून आणि लुंगीसारखा सुलू नेसून गळ्यापर्यंत बटणं लावली आणि एरोनीच्या दारात चटईवर मांडी घालून बसला. मुळ्यांचा जुडगा पुढे ठेवला. गावात बातमी पसरायला किती वेळ लागतो. वायसेआ माफी मागतोय म्हटल्यावर खिडक्यांत डोकी दिसायला लागली. आता काय नवीन काढतोय, म्हणून सगळे आधीच हसायच्या तयारीत.

तिथली रीत अशी की मुळी पुढे ठेवली की तोंडातून विनोद काढायचा नाही. मेव्हणेपणसुद्धा उंबऱ्याबाहेर. वायसेआनं मान खाली घातली आणि जुन्या वळणाच्या, जड भाषेत सुरुवात केली. त्या भाषेत त्याला कधी कुणी ऐकलंच नव्हतं. दोनदा अडखळला. खिडकीतून कुणीतरी फिसकन हसलं आणि गप्प झालं, कारण वायसेआनं मान वरही केली नाही. त्यानं सगळं सांगितलं, आणि शेवटी म्हणाला, यापुढे तुमचा शब्द जसा निघेल तसा पोचवीन, काना-मात्रा बदलणार नाही, ही मुळी साक्ष.

महिनाभर आपण भाच्याबद्दल काय काय बोललो ते एरोनीला आठवत असावं. मग त्यानं पुढे होऊन मुळीला हात लावला, हातांची ओंजळ करून टाळ्या वाजवल्या, म्हणजे माफी पोचली. आणि रीत पूर्ण झाल्या झाल्या म्हणाला, "दाजी, शर्टाचं वरचं बटण काढ, डोळे बाहेर येतायत."

लाबासाच्या मैदानावर कितिओने दहा नंबर घालून उतरला. सुवाहून आलेल्या निवडसमितीच्या बाई, तिमाइमा नाव त्यांचं, छत्रीखाली खुर्ची टाकून बसल्या होत्या. एरोनीनंही आपला हट्ट सोडला होता. "पळतो चांगला," तो वायसेआला म्हणाला, "मला दिसत नव्हतं असं नाही. पळू दे." वायसेआनं निरोप अक्षरशः पोचवला, आणि पोरगा पळाला.

सामना संपत आला तेव्हा गुण बरोबरीत होते. एक पोरगा पडला, खेळ थांबला, आणि एरोनी म्हणाला, "सांग त्याला, पळ. शेवटपर्यंत पळ." वायसेआ बाटली घेऊन निघाला तेव्हा त्याला दिसलं की समोरची टीम सामनाभर या पळणाऱ्याला धरून धरून सगळीच्या सगळी पुढे येऊन उभी राहिली आहे. मागे कुत्रं नाही. एक किक डोक्यावरून टाकली की काम फत्ते. त्याची जीभ अशी वळवळली की विचारू नका. पण मुळी साक्षीला होती.

"मामा म्हणतात, पळ," तो म्हणाला.

कितिओनेनं पाणी प्यायलं आणि बापाकडे बघितलं. "तुम्ही काय म्हणता?"

"मी काही म्हणत नाही. मी निरोप्या."

खेळ सुरू झाला, बॉल कितिओनेच्या हातात आला, समोरच्यांच्या मागचं मोकळं मैदान त्यालाही दिसलं, आणि त्यानं किक मारून तो सगळ्यांच्या डोक्यावरून त्यांच्या मागे टाकला. स्वतःच बॉलमागे धावला, एका उसळीत झेलला आणि बॉलसकट शेवटच्या लाईनच्या पलीकडे जाऊन पडला, म्हणजे सामना जिंकला. मैदान उठून उभं राहिलं.

बाई छत्री मिटत एरोनीकडे आल्या. "दहा नंबर," त्या म्हणाल्या. "शेवटची किक तुम्ही सांगितली होती?"

एरोनीला खोटं बोलता येत नाही, ही त्याची जन्माची खोड. "नाही. मी पळ म्हणालो होतो."

"मग सांगितलेलं ऐकत नाही का हा? तिकडे सहा आठवडे परक्या कोचच्या हाताखाली राहायचंय. असली पोरं मी परत पाठवलेली आहेत."

एरोनी वळला. भाच्याला विचारता येत नव्हतं, म्हणून त्यानं वायसेआला विचारलं, आणि आवाजात मेव्हणेपण अजिबात नव्हतं. "काय निरोप दिलास?"

कितिओने चार हातांवर उभा होता, छाती भात्यासारखी चाललेली, मान खाली. त्याला सगळं ऐकू येत होतं. वायसेआनं एकदा त्याच्याकडे बघितलं.

"किक सांगितली," तो म्हणाला. "तुझा शब्द बदलला. जित्याची खोड, काय करू."

"मुळी साक्षीला ठेवून बोलला होतास."

"होतो."

एरोनीनं त्याच्याकडे असं बघितलं की वायसेआला नजर उचलवेना. मग तो बाईंकडे वळला. "ऐकतो," तो म्हणाला. "बापाचं नको इतकं ऐकतो. तिकडे बाप नसेल, तेव्हा काळजी नाही." बाई हसल्या आणि त्यांनी पोराला त्याचं पूर्ण नाव विचारलं.

माणसं पांगल्यावर कितिओने बापाजवळ आला. डोळे भरलेले. "ताता, मामांना सांगा, तुम्ही निरोप बरोबर दिला होता. मीच ऐकलं नाही."

"तूच सांग की."

"मला कसं बोलता येईल त्यांच्याशी?"

"हां, तेही खरंच," वायसेआ म्हणाला. "बरं, सांगतो."

तो मैदान ओलांडून गेला. एरोनी ट्रकमध्ये जर्सीची गाठोडी टाकत होता, त्यानं मान वर केली नाही.

"भाच्याचा निरोप आहे," वायसेआ म्हणाला. "म्हणतो, मामा नसते तर मी इथवर आलो नसतो."

एरोनीचे हात थांबले. गाठोडं तसंच धरून त्यानं तोंड ट्रकच्या आत वळवलं. "खरंच असं म्हणाला?" त्यानं विचारलं.

"अक्षरशः," वायसेआ म्हणाला.