ओळंबा आणि डोंगर

वजन बांधून सोडलेली ओळंब्याची दोरी हलायची थांबेपर्यंत माझे वडील, अण्णा, श्वासही जपून घेतात. काल डोंगराच्या पायथ्याशी ते भिंत चढवत होते आणि मी बघत उभी होते. आम्हा गवंड्यांच्या घरातली मी पहिली पदवीधर, त्यामुळे राहवलं नाही.

"अण्णा, तुमचा ओळंबा किंचित कललेला असतो. डोंगर त्याला स्वतःकडे ओढतो."

पृथ्वीची ओढ जागोजाग बदलते. गणितात आधी एक गुळगुळीत पृथ्वी मानतात, तिची ओढ काढतात, मग प्रत्यक्ष मोजून फरक शोधतात. हे सगळं मी सांगितलं.

अण्णांचा चेहरा उतरला. जन्मभर त्यांनी या दोरीवर भरवसा ठेवला होता. "म्हणजे माझ्या भिंती वाकड्या म्हण की. कॉलेजात हेच शिकलीस व्हय?"

मी उत्तर जुळवत होते, तोवर तेच म्हणाले, "पण डोंगर भिंतीलाबी ओढत असंल ना? मग दोरी लोंबते तशीच भिंत पाहिजे."

बरोबर होतं. भिंतीला इथल्याच ओढीत उभं राहायचं असतं. गुळगुळीत पृथ्वी फक्त माझ्या वहीत होती.

अण्णांनी पुढची वीट उचलली. "आन् समुद्राकाठी गं? तिथं कुणीकडं ओढ?"

मला ठाऊक नव्हतं, आणि तसं सांगताना पहिल्यांदाच लाज वाटली नाही.