हॉलिससाहेबाचा तपकिरी प्लग आणि माझे काळे ड्रम

“व्हेअर इज माय रॉक, तांडेल? माझा खडक कुठाय?”

हॉलिससाहेब लाँचच्या पुढच्या टोकावर उभा राहून ओरडत होता. आवाज असा की समोर इराणच्या किनाऱ्यावर बकऱ्या चरायच्या थांबल्या असतील. त्याच्या हातात माझी खोली मोजायची दोरी होती. दोरीच्या टोकाला शिशाचा गोळा असतो आणि गोळ्याच्या बुडाला आम्ही चरबी फासतो. तळाला जे असेल ते चरबीला चिकटून वर येतं. दगडाला लागलं तर चरबी स्वच्छ राहते, फार तर एखादा शिंपल्याचा तुकडा येतो. साहेबाने गोळा माझ्या नाकासमोर धरला. चरबीवर बारीक पांढरी वाळू होती.

“सँड! परत सँड! सगळ्या कॅम्पसमोर तू म्हणाला होतास, खडपावर डोळे मिटून नेतो!”

“तेच चुकलं, साहेब. आज डोळे उघडे ठेवले.”

साहेब हसला नाही. इंजिनाच्या खड्ड्यातून कासिमचं डोकं वर आलं. कासिम माझा इंजिन ड्रायव्हर, मुरुडचा. शब्द त्याला रेशनवर मिळायचे. तो आमच्या बोलीत पुटपुटला, “तांडेल, ह्यो आज आपल्याला मुंबईच्या बोटीत बसवणार.”

ही थट्टा नव्हती. साठचं दशक सरत आलं होतं. दुबईच्या समुद्रात तेल सापडलं होतं आणि आमची कंपनी आणखी भोकं पाडत होती. किनाऱ्यावरून माणसं, पाइप, पाणी, पाव असं सगळं बार्जवर पोचवायला कंपनीने दोन लाँच भाड्याने ठेवल्या होत्या. एकीवर तांडेल, म्हणजे लाँच हाकणारा, मी, रत्नागिरीचा. दुसरीवर बहरीनचा एक नाखोदा; तिकडे तांडेलाला नाखोदा म्हणतात. आता काम कमी झालं होतं आणि कंपनीला एकच लाँच ठेवायची होती. कोणती, ते कॅम्पचं काम बघणारा हॉलिससाहेब ठरवणार होता. आम्ही गेलो तर मी आणि कासिम दोघंही घरी. गावाला कासिमच्या घराच्या भिंती उभ्या होत्या आणि वर छप्पर यायचं बाकी होतं.

नाखोद्याकडे तळ मोजणारं यंत्र होतं. चालता चालता ते कागदावर समुद्राच्या तळाची रेघ काढायचं. माझ्याकडे शिशाचा गोळा, चरबी आणि माझं तोंड.

पण साहेबाचं डोकं वेगळं होतं. तो म्हणायचा, “मशीन मला डेप्थ सांगतं. खाली कोण राहतं ते सांगत नाही. ज्याला मासा कुठे राहतो ते कळतं, त्याला जमीन कळते. ज्याला जमीन कळते, त्याच्या लाँचमध्ये मी माझी माणसं बसवीन.” मागच्या शुक्रवारी नाखोद्याने त्याला फिरवून आणलं होतं. मासे मिळाले होते, बरे मिळाले होते. हा शुक्रवार माझा होता.

साहेब अमेरिकेतल्या डोंगराळ मुलखातला. त्याच्या गावाला नदी, थंडगार आणि दगडधोंड्यांची. तिच्यात स्मॉलमाउथ बास नावाचा मासा असतो. साहेब त्याच्याबद्दल असा बोलायचा की मला आधी वाटलं, हा कोणी वारलेला नातेवाईक आहे. नाव लहान तोंडाचा, पण गळाला लागला की पाण्याबाहेर उडी मारतो आणि माणसाशी भांडतो. “तुमच्याकडे असा मासा आहे?” साहेबाने विचारलं होतं. मी म्हटलं, आमच्याकडे हामूर आहे. हामूर म्हणजे कोकणातला हेकरू. दगडाच्या कपारीत राहतो, रंगाने मातकट, तोंड गोणीसारखं. “एका हामूरने एकदा आमचा नांगर गिळला, साहेब, आणि आम्हाला अबू धाबीपर्यंत ओढत नेलं. डिझेल वाचलं.” साहेबाने कासिमकडे पाहिलं. कासिम म्हणाला, “मी त्या दिवशी सुट्टीवर होतो.”

साहेबाची पेटी ही एक बघण्यासारखी गोष्ट होती. उघडली की पायऱ्या पायऱ्यांनी वर यायची, आणि प्रत्येक कप्प्यात लुअर. लुअर म्हणजे खोटं आमिष. चमच्यासारखे चकचकीत पत्रे, केसांचे झुबके बांधलेले गळ, आणि लाकडाचे रंगवलेले मासे. या लाकडी माशांना तो प्लग म्हणायचा. एका तपकिरी प्लगवर त्याचा फार जीव. पोटाखाली नारिंगी रंग, तोंडाला पत्र्याची जीभ. ओढला की जिभेमुळे तो डोकं खाली घालून पाण्यात खोल जातो.

“हाच का?” मी विचारलं होतं.

“माझ्या नदीत दगडाखाली एक तपकिरी कोळंबीसारखा प्राणी असतो. बास तोच खातो. तुझा हामूर काय खातो?”

“खेकडे. म्हाकूल. कासिमची जुनी चप्पल.”

“खेकडा कसल्या रंगाचा?”

खडपावरचा खेकडा तपकिरीच असतो, आणि त्याच्या पोटाकडे नारिंगी झाक असते. हे मी जन्मभर पाहिलेलं, पण कोणी विचारलं नव्हतं.

तर आमिष ठरलं होतं. नडली होती जागा.

समुद्रात जागा कशी सापडते, ते सांगतो. पाण्यावर खडूने फुली मारता येत नाही. किनाऱ्यावरच्या दोन वस्तू, एक पुढे आणि एक मागे, एका रेषेत येतील असं उभं राहायचं. ती एक रेघ झाली. मग दुसऱ्या दिशेला आणखी दोन वस्तू धरायच्या. ती दुसरी रेघ. दोन्ही रेघा जिथे कापतात तिथे तुमचं खडप, म्हणजे पाण्याखालचा खडक. याला आम्ही खुणा म्हणतो. माझ्या वडिलांच्या खुणा म्हणजे दर्ग्याचा घुमट आणि त्याच्यामागचा माड, नाहीतर डोंगराची सोंड आणि बंदरावरचा वड. वड त्यांच्या आजोबांनीही पाहिलेला.

दुबईजवळच्या जबल अलीला तेव्हा बंदर नव्हतं, गोदामं नव्हती, काही नव्हतं. बोडकी टेकडी, वाळू आणि आमचा कॅम्प. माझी पहिली रेघ म्हणजे टेकडीचा उजवा खांदा आणि त्याच्या पुढ्यात किनाऱ्यावरचं एकुलतं एक गाफाचं झाड. दुसरीसाठी मी कॅम्पची उंच पाण्याची टाकी धरली, आणि तिच्या पुढे रचलेल्या काळ्या ड्रमांची रास. पांढऱ्या वाळूवर ती रास लांबून अशी दिसायची, जणू एखादा किल्ला.

आज दोन्ही रेघा मी बरोबर जुळवल्या होत्या. कासिम साक्षीला होता. खाली तरीही वाळू.

“साहेब, इथे वारा फार,” मी म्हटलं. “कधी कधी खडप सरकतं.”

“दगड सरकतो?”

“वाळू खालून निघून गेली की दगडसुद्धा काय करणार?”

साहेब किनाऱ्याकडे बघत राहिला. “कुठल्या खुणा धरल्यास? दाखव.”

मी टेकडी दाखवली, गाफ दाखवला. त्याने मान हलवली. मग टाकी दाखवली, आणि ड्रम.

साहेबाने टोपी काढली. घाम पुसला. अगदी हळू आवाजात म्हणाला, “तांडेल, ते ड्रम मी मंगळवारी हलवले. ट्रकला वळायला जागा नव्हती.”

कासिम पुन्हा इंजिनाच्या खड्ड्यात गेला. तिथे त्याला काही काम नव्हतं, पण खांदे हलताना मला दिसले.

आता यात माझं काय चुकलं? रत्नागिरीच्या माणसाला वाटतं, किनाऱ्यावर जे उभं आहे ते उभंच राहणार. समुद्र हलतो, जमीन हलत नाही, एवढ्या भरवशावर आमच्या पिढ्या मासे मारत आल्या. तिथली जमीन अशी होती की मंगळवारी एक आणि शुक्रवारी दुसरी. साहेब त्याच्या नदीत उभा होता आणि मी माझ्या वडिलांच्या समुद्रात. आखातात आमच्यापैकी कोणीच नव्हतं.

“खलास?” साहेबाने विचारलं.

मी तोंड उघडलं, आणि पहिल्यांदा त्यातून गोष्ट निघाली नाही. “एक रेघ खरी आहे, साहेब. टेकडी आणि गाफ. खडप या रेघेवरच आहे. किनाऱ्याकडे आत की समुद्राकडे बाहेर, ते माहीत नाही.”

“माथा किती खोल?”

“ओहोटीला दोन वाव.” वाव म्हणजे दोन्ही हात पसरले की होतं ते माप.

साहेबाने पेटीतला तपकिरी प्लग उचलला आणि त्याच्या पत्र्याच्या जिभेवर नख वाजवलं. “हा साधारण तेवढाच खोल जातो. दगडाला लागला की मला हातात कळतं. तू मला रेघेवर धर. स्लो. फार स्लो.”

“थोडं थांबावं लागेल. ओहोटी अजून उतरायची आहे.”

“आत्ता का नको?”

“तुमचा बास दगडाच्या कुठल्या बाजूला बसतो?”

“पाणी जिकडे जातं तिकडे. आडोशाला. समोरून खाणं वाहत येतं.”

“हामूरही तसाच बसतो. पण पाणी कुठूनही येऊ शकतं. आमची नदी रोज उलटी वाहते, साहेब, आणि परत सुलटी. ओहोटीची ओढ लागली की पाणी खडपावरून बाहेर धावेल. मग तो बाहेरच्या अंगाला असेल.”

“उलटी वाहणारी नदी,” साहेब स्वतःशी म्हणाला. मग पेटीवरच बसला. आम्ही थांबलो. कासिमने काळा चहा केला. साहेब त्याच्या गावाबद्दल बोलला, वडील गुडघाभर पाण्यात उभं राहून नुसत्या पाण्याच्या रंगावरून प्लग कसा निवडायचे त्याबद्दल. गढूळ पाण्यात गडद, नितळ पाण्यात मासोळीसारखा. मी त्याला वडाबद्दल सांगितलं. वडाला मी पदरचं काही जोडलं नाही.

ओढ लागली. कासिमने इंजिन इतकं हळू केलं की एकेक ठोका ऐकू यायचा. मी सुकाणू धरून टेकडीचा खांदा गाफावरून ढळू दिला नाही. प्लग मागे लांब सोडला होता. साहेबाने गळाचा रॉड दोन बोटांवर तोलून डोळे मिटले होते. म्हणजे डोळे मिटून खडप शोधायचं माझं वचन शेवटी त्यानेच पाळलं.

वाळू. वाळू. बराच वेळ वाळू. कासिम माझ्याकडे बघायचं टाळत होता.

मग रॉडला बारीक झटका बसला. “टक,” तो म्हणाला. आणि लगेच, “टक, टक. टक. रॉक, तांडेल! रॉक!”

मी गोळा सोडला. चरबी स्वच्छ वर आली. तेवढ्यात रॉड कमानीसारखा वाकला. साहेब ओरडला, मी ओरडलो, कासिमसुद्धा ओरडला. क्षणभराने दोरा तुटला. नदीतल्या माशासाठी केलेला बारीक दोरा, त्याला हामूरने कपारीत नेऊन दगडावर घासलं. तपकिरी प्लग गेला.

साहेबाने रिकामा दोरा गुंडाळला. मी म्हटलं, “आणखी आहे?”

“तसाच एक आहे. जुना. रंग उडालेला.”

“द्या.”

माझी हाताने धरायची जाड दोरी होती, सुरमईची. तिला मी त्याचा जुना प्लग बांधला. लाँच वळवून खडपाच्या बाहेरच्या अंगाने पुन्हा हळू काढली. या वेळी टकटक लागली तेव्हा दोरी माझ्या हातात नाही, साहेबाच्या हातात होती. मी फक्त त्याच्या कमरेचा पट्टा धरून होतो. “त्याला खाली जाऊ देऊ नका! आत शिरला तर खलास! ओढा! यल्ला, ओढा!” साहेबाची बोटं कापली, पण त्याने सोडलं नाही.

हामूर वर आला तेव्हा लाँच एका बाजूला कलली. खरं सांगतो, त्याच्या तोंडात मी मांडी घालून बसलो असतो. कासिम म्हणतो, फार तर टोपली मावली असती. पण कासिमची नजर आधीपासूनच कमजोर.

त्या संध्याकाळी कॅम्पच्या मेसमध्ये नाखोदाही आमच्याबरोबर जेवला. त्याने माशाचं मन लावून कौतुक केलं आणि मग विचारलं, जागा कुठे आहे. मी इन्शाल्ला म्हणून दुसरी तुकडी वाढून घेतली. दुसऱ्याच दिवशी मी नव्या खुणा धरल्या, टेकडीच्या आणि मागच्या उंचवट्याच्या. तेव्हापासून माझा नियम एकच. जागा आधी, आमिष मागून. आणि खूण अशा वस्तूची धरावी, जी उचलायला कंपनीकडे क्रेन नाही. पुढे तिथे एवढं मोठं बंदर झालं की त्यांच्याकडे सगळं उचलायच्या क्रेन आल्या. माझं खडप आता कोणाच्या तरी गोदामाखाली असेल.

पण त्या दिवशी धक्क्याला लागताना मला यातलं काही सुचत नव्हतं. हामूर ओल्या गोणपाटाखाली होता. कासिम दोर हातात घेऊन उभा होता, आणि दोर टाकायचा विसरून साहेबाकडे बघत होता. मी शेवटी विचारलंच.

“साहेब, मग लाँचचं काय ठरलं?”

हॉलिससाहेब पेटी बंद करत होता. त्याने मान वर केली नाही.

“सोमवारी ते ड्रम पुन्हा हलवणार आहे,” तो म्हणाला. “तुला माहीत असलेलं बरं.”